गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

काल कूलर माळ्यावरून खाली काढला. जुनं गवत उपसून नवं भरलं, टाकीत पाणी सोडलं, पंखा लावला, आणि त्या ओल्या गवताचा पहिला भपकारा तोंडावर आला तशी मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. आमच्या घरी आता सगळ्यांना ठाऊक आहे की कूलर लागला की आईचा एक दिवस वाया जातो. मुलगी म्हणाली, "आई, तू दरवर्षी असं काहून करतं?" मी म्हटलं, ऊन लागलं. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत हे कारण कशालाही चालतं.

अमरावतीत ऊन काही कमी नाही. पण कूलरच्या वासाने मला आठवतं ते अकोल्याचं ऊन. बाहेरचे लोक टीव्हीवरचा आकडा पाहून हळहळतात. त्यांना वाटतं ते वरून पडतं. वरून पडणाऱ्या उन्हाला दुपट्टा असतो, कडुलिंब असतो. अकोल्यात दुपारी दोननंतर ते खालून वर यायला लागतं. सिमेंटच्या अंगणातून, शेडच्या लोखंडी खांबातून, नळाच्या तोटीतून. उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही. माझे बाबा पाने पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवत आणि लागेल तसा एकेक काढून घेत. संध्याकाळी प्रत्येक पाना पुसून, त्याला तेलाचं बोट लावून पुन्हा जागेवर, कारण आमच्याकडचं खारं पाणी लोखंडाला दोन दिवसांत खातं. त्या ओल्या लोखंडाचा वास अजून कधी कधी माझ्या हाताला येतो, निदान मला तसं वाटतं.

बाबा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे निदेशक होते. वस्तीत सगळे त्यांना सर म्हणत. आई चिडली की तीसुद्धा सर म्हणायची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आईला त्याहून जास्त. मी सांगतेय तो उन्हाळा बाबा जायच्या दोन वर्षं आधीचा; आई तेव्हा नव्हती, बाबा घरात एकटेच होते. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याशी जे केलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या भावाला थोडं माहीत आहे, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

तर ती गाडी. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच सीटांची, कापडी छपराची स्पोर्ट्‌स कार. हो, अकोल्यात. एका कापूस-जिनिंगवाल्याच्या मुलाने हौसेने घेतली होती. वर्ष-दीड वर्ष त्याने शहरभर धुरळा उडवला, मग लग्न झालं, हौस फिटली आणि गाडी जिनाच्या आवारात पत्र्याखाली जाऊन पडली. कंपनी तर कधीच बंद पडली होती. बाबा रिटायर झाले तेव्हा ती त्यांनी विकत घेतली. आम्हाला वाटलं म्हातारपणी यांना भलतंच सुचलं. बोनेट उघडलं तर आत सरकी आणि कापसाचे पुंजके भरलेले, आणि त्यात उंदराचं बाळंतपण झालेलं. त्याच जिनात माझे आजोबा हमाल होते, कापसाच्या गाठी पाठीवर वाहायचे. बाबा हे कधी बोलले नाहीत. फक्त गाडी आणायच्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट-पँट घातला, जयंतीला घालतात तसा, आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेत असलेल्या त्या गाडीत स्टीअरिंग धरून ते जिनाच्या फाटकातून ताठ मानेने बाहेर पडले.

मग सुरू झाली बाबांची दुसरी नोकरी. एक भोक बुजवलं की दुसरं उघडायचं. बॉडी फायबरची, तिला तडे गेलेले. इंजिन साध्याच एका गाडीचं, त्याचे भाग दुकानात मिळत, पण बाकी सगळं हाताने करायचं. छप्पर फाटलं तेव्हा रिक्षाच्या हुडाचं रेक्झिन आणून आईच्या शिलाई मशीनवर शिवलं. तीन सुया मोडल्या. आई म्हणाली, "सर, माह्या मशीनचं गॅरेज करू नका." बोअरचं पाणी रेडिएटरात घातलं तर आत खाराचा थर बसतो, म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरून गळणारं पाणी ड्रममध्ये धरून ठेवायचं आणि तेच वर्षभर गाडीला पाजायचं. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येणाऱ्या गावात गाडीसाठी वेगळा ड्रम होता. आई गाडीत एकदाच बसली. म्हणाली, "रस्त्यावरच बसल्यासारखं वाटते, बाप्पा," आणि पुन्हा बसली नाही. ती गाडी जमिनीला एवढी लागून होती की प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. बाबांनी खाली लोखंडी पट्टी लावली. मग घासायचं ते पट्टीला, पण आवाज तोच. आम्ही घरात बसून ओळखायचो, सर आले.

जयंती एप्रिलमध्ये, ऐन उन्हात. वस्तीची मिरवणूक निघायची तेव्हा पुढे निळे झेंडे, त्यामागे ढोलताशा आणि त्यामागे छप्पर उघडलेली बाबांची लाल गाडी, माणसाच्या चालीने. दहा वर्षं हे चाललं. लोक फोटो काढत. बायका गाडीत लहान लेकरं बसवून घेत. ज्या दिवसासाठी बाबा वर्षभर त्या गाडीखाली पाठीवर पडून राहत तो हा दिवस. बाकी वर्षभर ती चालली काय नि नाही चालली काय, जयंतीला चालायची.

त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षीच्या जयंतीला मी त्यांच्या शेजारी बसले होते. गाडी रांगत होती. डाव्या बाजूने एक बाई लेकरू कडेवर घेऊन गाडीच्या अगदी पुढे आली. मला ती सबंध दिसत होती. बाबांनी ब्रेक मारला नाही. मी हँडब्रेक ओढला. चाक तिच्या पायातून निसटलेल्या चपलेवर चढून थांबलं. ती बाई हसली, चप्पल ओढून काढली आणि "जयभीम सर" म्हणून पुढे गेली. बाबा माझ्यावर चिडले, "हँडब्रेक काहून ओढला? इंजिन बंद पडते ना." त्यांना ती बाई दिसलीच नव्हती.

डोळ्यांची तपासणी करायला त्यांना राजी करण्यात पुढचे नऊ-दहा महिने गेले. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याने समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी बाबांना आत सांगितलं, "काका, थेंब टाकत जा, गाडी जपून चालवा." बाहेर येऊन मला सांगितलं, "अजिबात चालवू देऊ नका." मला डॉक्टरचा राग आला. मग वाटलं, त्याचा कशाला? आमच्या घरी तरी दुसरं काय चाललं होतं? बाबांना त्यांच्या तोंडावर कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ते काही तापट नव्हते, कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण ज्या माणसाने हमालाच्या घरातून निघून आम्हाला कॉलेजात नेऊन पोचवलं, त्याला "तुमी हे करू नका" असं कसं म्हणायचं, हे आम्हा दोघा भावंडांना कधी समजलंच नाही. आम्ही पुढून हो म्हणायचो आणि मागून आपल्या मनासारखं करायचो. आमच्या घराचा मान हा असा होता.

भाऊ पुण्यात. सुमेध त्याचं नाव, माझ्याहून चार वर्षांनी लहान. फोनवर म्हणाला, "ताई, तू सांग ना. तुझं ऐकतात ते." मी म्हटलं, तू मुलगा आहेस, तू सांग. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर आम्ही दोन आठवडे घातले. शेवटी तोच म्हणाला, "गाडीच बंद पडली तर?" आणि मग हसून, "तुला तर सगळं येतं."

मला सगळं येत होतं, हे खरं आहे. शाळा सुटली की मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायची, तिथेच मला इंजिन कळलं आणि पुढे त्याच ओढीने मी फिजिक्स घेतलं, आता कॉलेजात तेच शिकवते. आयटीआयची परीक्षाही मला तोंडपाठ होती. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बाबा वर्कशॉपच्या गाडीत एक दोष बसवून ठेवत. चालू गाडीतला चांगला भाग काढायचा आणि त्या जागी खराब घालायचा. विद्यार्थ्याने येऊन तो शोधायचा. त्यासाठी त्यांच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात सगळे खोटे भाग. जळलेले, तडकलेले, वरून नव्यासारखे दिसणारे. रिटायर झाल्यावर तो डबा ते घरी घेऊन आले होते.

त्या डब्यात एक रोटर होता. अंगठ्याएवढा, काळा, वर पितळेची पट्टी. इंजिनाबरोबर तो फिरतो आणि पंगतीत वाढत जावं तसा एकेका प्लगला पाळीपाळीने ठिणगी देत जातो. या रोटरच्या पोटात केसाएवढी चीर होती, बाहेरून न दिसणारी. थंड असताना तो बिनतक्रार काम करायचा. तापला की चीर उघडायची, ठिणगी भलतीकडे पळायची आणि गाडी बंद. पुन्हा थंड होऊन तपासायला घ्यावं तर सगळं ठीक. बाबा म्हणत, "हा थंडा असला का साधू असते आन गरम झाला का चोर." तो रोटर ते फक्त वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला देत, त्याची हवा काढायला.

त्या वर्षी होळीच्या आधीच बाबांनी जयंतीसाठी गाडीचं काम काढलं होतं. प्लग नवे, तेल नवं, रोटर नवा. होळीनंतरच्या रविवारी मी बडनेऱ्याहून रेल्वेगाडी धरून अकोल्याला गेले. दुपारी जेवण झालं, बाबा कूलरसमोर चटई टाकून झोपले. मी शेडमध्ये गेले. दोन क्लिपा उघडल्या, रोटरवरची टोपी उचलली, नवा रोटर काढला, डब्यातला बसवला. दोन मिनिटांचं काम, पानासुद्धा लागला नाही. त्याआधी मी त्या खोट्या रोटरची पितळेची पट्टी बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली होती, नवा दिसावा म्हणून. शेवटी सरांची मुलगी. नवा रोटर मी रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परत आले. सुमेधला फोन केला. तो म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला." मलाही तसंच वाटलं. मला तर थोडा अभिमानही वाटला होता, हे लिहून ठेवते.

आम्हाला वाटलं होतं, पंधरा दिवस खटपट करतील, कंटाळतील, आणि म्हणतील जाऊ दे, जुनी झाली. बाबांना आम्ही एवढंच ओळखत होतो.

पहिल्या रविवारी गेले तर ते उत्साहात होते. दोष शोधायला त्यांना आवडायचंच. डोक्याला ओला दुपट्टा, अंगात बंडी, शेजारी पान्यांची बादली.

"थंडी असली का बरोबर चालते," ते मला सांगत होते. "कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत गेली का बंद. काय असन बरं?"

"पेट्रोलची वाफ होत असन बाबा, उन्हानं."

"थेच मी म्हणतो. पण मागच्या उन्हाळ्यात काहून नाही झाली वाफ?"

त्यांनी पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं. पुढच्या रविवारी पेट्रोलची टाकी उतरवून धुतली होती. त्याच्या पुढच्या रविवारी कॉइल बदलली होती, मग कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये टाकला होता. दर वेळी गाडी सकाळी झटक्यात सुरू व्हायची. बाबांचा चेहरा उजळायचा. मला ओट्यावर उभं राहून दिसायचं की ते हात वर करून शेजारच्या शोभाकाकूंना दाखवताहेत, चालली. पाणपोईपाशी ती दोन आचके द्यायची आणि थांबायची. मग ते उतरून, एका हाताने स्टीअरिंग आणि खांद्याने दार रेटत तिला परत आणायचे. बहात्तर वर्षांचा माणूस. मी धावत जाऊन मागून ढकलायची. त्यांच्या बंडीवर घामाचे पांढरे डाग पडलेले असायचे.

फिजिक्सच्या बाईंना एखाद्या मुलाला उत्तर येत नसलं की लगेच दिसतं. तो प्रश्नाकडे पाहणं सोडून आपल्या हातांकडे पाहायला लागतो. बाबा एप्रिलमध्ये आपल्या हातांकडे पाहायला लागले.

त्यांचे विद्यार्थी गावभर गॅरेजं टाकून बसले होते. एकाला बोलावलं असतं तर त्याने दोन तासांत रोटर बदलून पाहिला असता. मला तीच भीती होती. मी म्हटलं नाही, पण त्यांनीच विषय काढला. "पस्तीस वर्षं शिकवलं पोट्ट्याइले. आता त्याइलेच विचारू का, मले सापडून नाही राह्यलं म्हणून?" मी सुटले. त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि आता त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

एका रविवारी त्यांनी रोटरवरची ती टोपी उघडली. रोटर काढून तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला. मी पेचकस हातात धरून बाजूला उभी होते. "हा तर आत्ताच टाकला मी, नवा," ते म्हणाले आणि पुन्हा बसवून टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तू तर फिजिक्स शिकवतं. तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "मले नाही समजत, बाबा."

तेव्हा सांगायला हवं होतं. नंतर मी या जागेवर खूपदा परत आले. तेव्हा सांगितलं असतं तर गाडी जागेवर होती, डबा जागेवर होता, बाबा चिडले असते, महिनाभर बोलले नसते, कदाचित डोळ्यांचंही बोलणं झालं असतं. पण जयंती आठ दिवसांवर आली होती. मी त्या चपलेचा विचार केला आणि गप्प बसले. अजूनही मला कळत नाही की ते चूक होतं का. गाडी बंद पाडणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या बाईच्या कडेवर लेकरू होतं.

जयंतीच्या दिवशी मी सकाळीच पोचले होते. बाबांनी पांढरे कपडे घातले, गाडीला झेंडे लावले आणि ऊन वर यायच्या आधी तिला विहारापर्यंत नेऊन ठेवू म्हणाले, संध्याकाळी मिरवणुकीत तिथूनच निघेल. ती विहाराच्या फाटकात बंद पडली. तास-दीड तास त्यांनी भर उन्हात बोनेट उघडून ठेवलं. सरबत वाटणाऱ्या पोरांनी शेवटी गाडी ढकलत घरी आणली, अगदी गाणी म्हणत, टाळ्या वाजवत. बाबा स्टीअरिंगवर बसून होते. त्यातला एक जण म्हणाला, "सर, म्हातारी झाली आता गाडी." बाबा म्हणाले, "गाडी नाही रे, मी झालो." संध्याकाळी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा ते आत कूलरसमोर बसून होते. लोक बोलवायला आले. डोकं दुखते म्हणाले. ढोलाने खिडकीची काच थरथरत होती. मी शेजारी बसून त्यांचा पांढरा शर्ट घडी घालत होते.

बाबांची एक वही आहे, आता माझ्या कपाटात. गाडीला काय केलं ते त्यात तारीखवार लिहिलेलं. दहा वर्षांचं अक्षर सरळ रेषेत चाललेलं, निदेशकाचं. त्या उन्हाळ्याची पानं मी दर वर्षी एकदा वाचते. "कॉइल बदलली. तेच." "कंडेन्सर बदलला. तेच." "वायरिंग पूर्ण तपासलं, दोष नाही. तेच." मे महिन्यात अक्षर खाली घसरायला लागलं आहे. शेवटच्या पानावर एवढंच आहे: "दोष सापडत नाही. दोष गाडीत नसावा."

मेअखेरीस रोहिण्या लागल्या त्या आठवड्यात कॉलेजच्या कामामुळे माझा एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी गेले तर शेड रिकामी होती. सिमेंटवर तेलाचा डाग आणि चार विटा. बाबा ओट्यावर बसले होते.

"भंगारवाल्याले देली," ते म्हणाले. "हातोड्यानं फोडली त्याइनं. फायबर लगेच फुटते. इंजिन वेगळं केलं. सामानाची पेटी, डबे, सारं नेलं. आता कायले ठेवायचं?"

मी म्हटलं, "मले फोन तरी करायचा." 

"तुले काय फोन करायचा? तू काय करणार होती?"

मला वाटलं, संपलं. वाईट संपलं पण संपलं. आता ते गाडी चालवणार नाहीत. आम्हाला हवं होतं ते झालं होतं. मी परत येताना रेल्वेत रडले आणि रडून झाल्यावर मला शांत झोप लागली.

जून लागला तरी ढग नव्हते. शोभाकाकूंचा फोन आला. सर विचित्र वागून राहिले म्हणाल्या. बाहेर जाताना कुलूप लावतात आणि काकूंना ओढून पाहायला सांगतात. लाइटचं बिल काकूंच्या मुलाकडून वाचून घेतात. मी गेले तर दारातच एक पिशवी ठेवलेली. तिच्यात मिक्सर होता. "दुरुस्तीले घेऊन जा अमरावतीले," बाबा म्हणाले. गल्लीतले सगळे मिक्सर, पंखे, प्रेस आयुष्यभर त्यांनी दुरुस्त केले होते. मी तो टेबलावर ठेवून पाहिला, वायर सैल झाली होती. मी म्हटलं, "बाबा, हे तर तुमी डोळे झाकून करान." ते म्हणाले, "नको बाई. माहं डोकं नाही राह्यलं आता. त्या गाडीपासून पाहून राह्यलो मी."

मी त्यांना फक्त गाडीतून उतरवायला निघाले होते.

पर्स माझ्याजवळच होती. रोटर त्याच कप्प्यात, त्याच रुमालात, कारण तो कुठे टाकायचा हे मला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. मी तो काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"बाबा, हा तुमचा रोटर. होळीच्या आधी तुमी टाकला थो. मी काढून घेतला होता. त्याच्या जागी डब्यातला खोटा बसवला."

त्यांनी चष्मा पुसून घातला. रोटर अंगठ्याने चाचपला. "काहून?"

"तुमच्या डोळ्यांपायी. डॉक्टर म्हणाले होते, चालवू देऊ नका. तुमाले सांगायची हिंमत नाही झाली." आणि मला रडू फुटलं. पन्नाशीची बाई मी, हुंदके देऊन रडले.

मी मान खाली घालून वाट पाहत होते. बाबांनी ओरडावं, हात उचलावा, काहीही करावं असं वाटत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बजारातून नवा आणला ना?"

"नाही बाबा. तुमचाच आहे हा. खरंच."

"तू लहानपणापासून अशीच आहे. भाजीत मीठ जास्ती पडलं आन तुह्या आईवर कोणी बोललं, का तू म्हणे, म्याच टाकलं. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्याची सवय तुह्यी." ते हसत होते. अगदी मायेने. "आन थो रोटर असता तर मी पकडला नसता का? म्याच शिकवला थो दोष. पस्तीस वर्षं शिकवला. झोपेत पकडला असता."

आता आणखी पुढे जायचं तर एकच गोष्ट सांगायची उरली होती: हो बाबा, तोच होता, तळहातावर घेऊन पाहिलात आणि तुमाले नाही सापडला. गाडी नव्हती, डबा नव्हता, खोटा रोटर कुठल्या भट्टीत वितळून गेला होता कोण जाणे. माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि असता तरी मी तो कोणत्या तोंडाने पुढे केला असता? त्यांनी रोटर माझ्या हातात परत दिला. माझी बोटं त्यावर मिटवली.

"एक सांगून जा," ते म्हणाले. "गॅस मी पेटवत जाऊ का नको? एकटा असतो. बंद करायचा राहून गेला तर?"

गॅस ते कधी विसरले नव्हते. एकदाही नाही. मी म्हटलं, "पेटवा ना बाबा, काहून नाही?" त्यांनी मान हलवली, पण गॅस पेटवला नाही. त्यानंतरची दोन वर्षं सकाळी ते ओट्यावर बसून शोभाकाकूंकडून चहा यायची वाट पाहायचे.

मी त्यांना अमरावतीला आणून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांना आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द दिले आणि अर्ध्या तासाने विचारले. बाबांनी पाचही सांगितले. डॉक्टर त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "डोकं एकदम ठणठणीत आहे काकांचं. तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं." बाहेर आलो. मी ऑटोत त्यांचा हात धरून म्हटलं, "ऐकलं ना बाबा? काहीच नाही झालं तुमाले."

बाबा माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "डॉक्टरलेही सांगून ठेवलं होतं का, बाई?"